ढोलालाही हवी चिमूटभर कणीक

ढोल-ताशा पथकात वादक किती असावेत? हरित लवादाने २०२४ मध्ये तीस म्हटले, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि गणपती जवळ आले की आपण पुन्हा आकड्यावरच भांडतो. माझे म्हणणे वेगळे आहे. डोके उठते ते ठोक्याने नव्हे, ठोक्यामागे रेंगाळणाऱ्या घणघणीने. आणि तिच्यावरचा इलाज आपल्याकडे आधीपासून आहे.

सातारा रस्त्यावरच्या कापूरहोळहून एक वाट भोरला जाते, दुसरी नारायणपूरवरून सासवडला. या पट्ट्यात जत्रेला ढोल-लेझीम, तर सप्ताहाला पखवाज. पखवाजी बसला की आधी कणीक मळतो. डाव्या तोंडाला, धुमेला, ओला गोळा थापतो, थाप देऊन ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा ऐकतो. कणकेच्या वजनाने सूर खाली उतरतो, आणि नको ती गुंज तिच्या ओलसर मऊपणात जिरते.

उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईचे काम त्याहून नाजूक. ताणलेल्या साध्या गोल कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे निघतात. तार मात्र दुप्पट, तिप्पट अशी शिस्तीत बोलते. मृदंग-तबल्याची शाई कातड्यालाही तीच शिस्त लावते, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये, म्हणजे नोबेलच्या दहा वर्षे आधी, ‘नेचर’मध्ये मांडले. १९३४ मध्ये त्यावर सविस्तर लिहिले.

ढोलाच्या टिपरूने, म्हणजे काठीने, वाजवायच्या पानाला हे भाग्य नाही. त्यात पावसाला दाद न देणारे प्लास्टिकचे पान कातड्यापेक्षा जास्त वेळ वाजत राहते. दोरी एका अंगाला जास्त आवळली गेली, तर एका स्वराचे दोन जवळजवळचे स्वर होतात आणि आवाज हेलकावतो. मग पोरे सगळाच ढोल आणखी आवळतात. तिथेच चुकते. पानाच्या मधोमध बोट हलके टेकवावे, कडेकडेने प्रत्येक दोरीपाशी टिचकी मारत फिरावे, आणि स्वर जिथे उतरलेला असेल तेवढीच दोरी ओढावी. तरीही घणघण उरली, तर कडेला कापडी चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावावा. मोठा लावला की ठोकाच बसका होतो.

पथके कित्येक आठवडे हात बसवतात. त्यातला एक दिवस कान बसवायला द्यायला काय हरकत आहे? सप्ताहातला पखवाजी ते रोज करतो, कीर्तन सुरू होण्याआधी, बोटांना कणीक लागलेली असताना.