लिंडा स्मिथ : पुराणमतवादी राजकारणापासून मानवी व्यापाराच्या विरोधापर्यंत

प्रस्तावना :
मानवी व्यापार हा केवळ गुन्हेगारीचा नव्हे, तर राज्यसंस्थेच्या जबाबदारीचाही प्रश्न आहे. शासनाचा खर्च व अधिकार मर्यादित असावेत असे मानणारा राजकीय विचार या प्रश्नाकडे कसा वळतो, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या माजी प्रतिनिधी लिंडा स्मिथ यांची वाटचाल अभ्यासनीय ठरते. तिला निर्णायक वळण मुंबईत मिळाले, हे विशेष होय.

राजकीय कारकीर्द :
स्मिथ यांचा जन्म १९५० चा. कर-विवरणपत्रे तयार करून देणाऱ्या केंद्रांचे व्यवस्थापन त्या पाहत असत. १९८३ मध्ये त्या वॉशिंग्टन राज्याच्या प्रतिनिधिगृहावर व १९८७ मध्ये राज्य सिनेटवर निवडून आल्या. निवडणूक देणग्यांवर मर्यादा घालणारा १९९२ चा आणि राज्याच्या खर्चवाढीस आळा घालणारा १९९३ चा जनप्रस्ताव, या दोहोंमागे त्यांचा पुढाकार होता. १९९४ च्या प्राथमिक निवडणुकीत मतपत्रिकेवर नाव छापलेले नसताना मतदारांनी ते स्वहस्ते लिहून त्यांना उमेदवारी मिळवून दिली व त्या काँग्रेसमध्ये पोहोचल्या. जानेवारी १९९७ मध्ये सभापतिपदासाठी स्वपक्षाच्या न्यूट गिंग्रिच यांना मत देण्याचे त्यांनी नाकारले. १९९८ मध्ये सिनेटच्या निवडणुकीत पॅटी मरे यांनी त्यांचा पराभव केला.

फॉकलंड रोड व त्यानंतर :
१९९८ मध्येच स्मिथ यांनी मुंबईतील फॉकलंड रोड, म्हणजेच पठ्ठे बापूराव मार्ग, येथील वेश्यावस्ती पाहिली. तेथील अल्पवयीन मुलींच्या स्थितीने व्यथित होऊन त्यांनी त्याच वर्षी ‘शेअर्ड होप इंटरनॅशनल’ ही संस्था स्थापन केली. आरंभी भारत, नेपाळ आदी देशांत स्थानिक संस्थांच्या साहाय्याने निवारा व पुनर्वसनाचे कार्य झाले.

पुढे संस्थेचे लक्ष खुद्द अमेरिकेकडे वळले. तेथील २००० च्या संघीय कायद्यानुसार देहविक्रयात गुंतवलेले अठरा वर्षांखालील मूल हे पीडित ठरते; बळजबरी सिद्ध करावी लागत नाही. तथापि अनेक राज्यांच्या कायद्यांनुसार अशाच मुलीला वेश्याव्यवसायाच्या आरोपाखाली अटक होऊ शकत असे. संस्थेच्या २००९ च्या राष्ट्रीय अहवालाने ही विसंगती पुढे आणली. २०११ पासून प्रत्येक राज्याच्या कायद्यांना श्रेणी देण्यात येऊ लागली. ग्राहकाला शिक्षा आणि पीडितेला संरक्षण, ही त्यांतील मध्यवर्ती मागणी होती. शासनखर्चावर मर्यादा मागणाऱ्या नेत्या येथे शासनाकडूनच अधिक कर्तव्यपालनाची अपेक्षा करताना दिसतात.

मर्यादा :
या विचारप्रवाहावर आक्षेपही घेतले गेले आहेत. देहविक्रय व मानवी व्यापार यांत भेद न केल्यास स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रियांवरच कारवाईचा भार पडतो. तसेच दारिद्र्य, स्थलांतर व वेठबिगारी हे प्रश्न मागे पडतात, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२२ मध्ये, छाप्यांच्या वेळी अशा प्रौढ स्त्रियांना अटक किंवा त्रास होऊ नये, असे निर्देश दिले.

निष्कर्ष :
मानवी व्यापाराला बळी पडलेल्या व्यक्तीचे जाणीवपूर्वक लैंगिक शोषण करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १४४ नुसार शिक्षा होते. म्हणजेच मागणी करणाऱ्याचे उत्तरदायित्व येथेही मान्य झाले आहे. मात्र त्याची अंमलबजावणी करताना अल्पवयीन मुलीला आरोपी न मानणे आणि प्रौढ स्त्रीची संमती न नाकारणे, ही दोन्ही पथ्ये एकाच वेळी पाळावी लागतात. स्मिथ यांच्या कार्याने पहिल्या पथ्याची निकड ठसवली. दुसऱ्याची जाणीव त्या कार्यावरील टीकेतून होते.