खान कोण होणार?

बी.एड.ला माझी एक अध्यापन पद्धती इतिहासाची होती. सराव पाठांसाठी आम्हाला नाशिकमधल्या एका मराठी शाळेत पाठवले होते. हर्बर्टची पंचपदी तोंडपाठ, टाचणवही नीटनेटकी. तरी पहिल्या दोन पाठांना मागचे बाक जांभया देत होते. निरीक्षक मॅडमनी शेरा लिहिला, ‘आशय बरोबर, वर्ग निर्जीव.’

तिसरा पाठ प्रतापगडचा होता. 10 नोव्हेंबर 1659 ची ती भेट मुलांकडूनच करवून घ्यायची, असे मी ठरवले. अम्मीच्या ओढणीचा शामियाना केला, पुठ्ठ्याची वाघनखे कापली.

‘‘शिवाजी महाराज कोण होणार?’’ सगळे हात वर.

‘‘अफजलखान कोण होणार?’’ एकही हात नाही. मग मधल्या बाकावरून आवाज आला, ‘‘मॅडम, तो होईल ना! तो त्यांच्यातलाच आहे.’’

वर्ग हसला. ज्याच्याकडे बोट होते तो मुलगा निमूट उठला, खान झाला, वाघनखे लागताच पडला. टाळ्या झाल्या. मला शेरा मिळाला, ‘वर्ग जिवंत झाला.’ तास संपल्यावर तो दाराशी थांबला होता. ‘‘मॅडम, मी उद्या नाही आलो तर चालेल का?’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच्या मनाला काय लागले, हे माझ्यासारख्या मुसलमान घरातल्या मुलीला तिथल्या तिथे कळायला हवे होते. मी टाळ्या मोजत बसले होते. ‘‘नाही, तू यायचंच,’’ एवढेच त्याला म्हणाले होते.

पुढच्या पाठाला मी पाच चिठ्ठ्या केल्या: कृष्णाजी भास्कर, पंताजी गोपीनाथ, खंडोजी खोपडे, कान्होजी जेधे, सिद्दी इब्राहिम. वर्गाच्या मधोमध खडूची रेघ ओढली. इकडे महाराजांची बाजू, तिकडे खानाची. म्हटले, ‘‘ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने आपली बाजू ओळखून उभे राहायचे.’’ मुलांनी नुसती नावे वाचली आणि झटपट उभी राहिली. सिद्दी इब्राहिम एकटा तिकडे, बाकी चौघे इकडे.

मग मी एकेकाला हलवले. कृष्णाजी भास्कर खानाचे वकील, ते तिकडे गेले. खोपडे खानाला जाऊन मिळाले होते, तेही तिकडे. सिद्दी इब्राहिम महाराजांच्या अंगरक्षकांत होता, तो इकडे. ती चिठ्ठी नेमकी परवा बोट दाखवणाऱ्या मुलालाच आली होती.

वर्ग गप्प झाला, आणि मग प्रश्नच प्रश्न. ‘‘कृष्णाजी तिकडे कशाला?’’ चाकरी खानाची होती. ‘‘आणि खोपडे?’’ त्यांचा वतनावर डोळा होता. ‘‘मग जेध्यांना वतन नव्हतं?’’ होते. आदिलशाहीचे फर्मान आले, तरी ते महाराजांकडेच राहिले. हा प्रश्न विचारणारा, तोच परवाचा खान होता.

शेवटी सांगितले, घरातली एखादी जुनी वस्तू किंवा कागद उद्या आणा. त्याने दादाजानचा उर्दू कागद आणला. वर्गात तो मलाच वाचता येत होता. गावाच्या जागी लिहिले होते, ‘गुलशनाबाद’. ‘‘हे कुठलं गाव?’’ मुलांनी विचारले. ‘‘आपलंच नाशिक. मोगलांच्या काळात त्याचं हे नाव होतं.’’ सगळा वर्ग त्या कागदाभोवती गोळा झाला. त्याने मात्र कागद स्वतःच्या हातातून सोडला नाही.

आज माझ्या वर्गात छात्राध्यापक पाठ घ्यायला येतात. नाटक, नकाशा, सहल, सगळे करा म्हणते. फक्त खानाचा हात कोणी वर केला आणि कोणाचा करवला, हे पाहा.

आई-वडिलांनाही एक सांगावेसे वाटते. मुलगा इतिहासाच्या तासाहून गप्प घरी आला, तर ‘जाऊ दे’ म्हणू नका आणि शाळेवर चिडूही नका. पुस्तक उघडून त्याच्याजवळ बसा. कोण कोणाकडे होते आणि का, हे दोघे मिळून शोधा. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा जाब सातवीतल्या मुलाला द्यावा लागू नये. तिची माहिती मात्र त्याला वर्गात सगळ्यांत जास्त असावी.