कर्नल बांधला की मशीन पळतं?

नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या एखाद्या ऑफिसातून जुनं वर्कस्टेशन भंगाराच्या भावात निघतं आणि घेणारा लगेच म्हणतो, “भाऊ, याच्यावर लिनक्सचा कर्नल कंपाइल करून द्या न. मंग पाहा कसं पयते ते!” १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, तेव्हापासून ही मागणी जरा जास्तच कानावर येते. विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे चालत नाही, म्हणून लिनक्स घ्या, इथवर ठीक. पण घरी बांधलेल्या कर्नलने मशीन सुसाट सुटतं, हे यांच्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे.

म्हणणं असं की तयार कर्नलमध्ये दुनियाभरच्या हार्डवेअरचे ड्रायव्हर कोंबलेले असतात, ते काढले की मशीन हलकं. ड्रायव्हर भरपूर असतात हे खरंच. कर्नलच्या सोर्समधल्या निम्म्याहून जास्त ओळी त्यांच्याच आहेत. पण डेबियन, उबुंटूमध्ये त्यातले बहुतेक मॉड्यूल म्हणून डिस्कवर वेगवेगळ्या फायलींत पडून असतात. समोर जे हार्डवेअर सापडेल, त्याचंच मॉड्यूल मेमरीत चढतं. विश्वास नसेल तर टर्मिनलमध्ये ‘एलएसमॉड’ लिहा. हजारोंपैकी शे-दीडशे नावं दिसतील. न चढलेलं मॉड्यूल रॅम खात नाही. ते काढून वाचते ती डिस्कवरची काही शे मेगाबाइट जागा, आणि तिची कुणी तक्रार केलेली मी तरी ऐकली नाही.

मग मशीन रखडतं कशाने? २००९च्या सुमाराचं डेल प्रिसिजन टी३५०० घ्या. झिऑन प्रोसेसर अजून दमदार असतो, पण आत चार जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क. ब्राउझरचे दहा टॅब उघडले की रॅम भरते, उरलेलं स्वॅपमध्ये जातं आणि डिस्क करकरू लागते. अशी डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला शंभर-दीडशे वेळा वाचू शकते. साधा साटा एसएसडी हजारो वेळा. ‘सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ’ चालवा, सुरू होण्यातला कर्नलचा वेळ आणि बाकी सेवांचा वेळ वेगवेगळा दिसतो. हार्ड डिस्कवर मोठा आकडा बहुधा दुसराच असतो. म्हणजे पैसे एसएसडीला आणि रॅमला लावायचे. तरी लोक रात्रभर कर्नलच बांधत बसतात!

“पण आपल्याच प्रोसेसरसाठी बांधला तर?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. व्हिडिओ उलगडणं, हिशेब, चित्रं ही जड कामं प्रोग्रॅम करतात, कर्नल नव्हे. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्या. त्यांच्यावरच्या उपायांनी जुने इंटेल प्रोसेसर काही कामांत खरोखर मंदावले. पण ते उपाय बंद करायलाही कर्नल बांधावा लागत नाही, ग्रब या बूटलोडरमध्ये एक शब्द पुरतो. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार करता, तिथे मात्र तो शब्द लिहू नका.

कर्नल बांधूच नये असं मी म्हणत नाही. डिस्ट्रोने बंद ठेवलेला ड्रायव्हर हवा असेल, एखादा पॅच तपासायचा असेल किंवा शिकायचं असेल तर जरूर बांधा. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ने काम झपाट्याने कमी होतं, कारण सध्या चढलेली मॉड्यूलच ते ठेवतं. यातच गोम आहे: त्या क्षणी पेनड्राइव्ह, प्रिंटर, मोबाइलचं टेदरिंग जोडलेलं नसेल तर नव्या कर्नलला ते ओळखूच येणार नाही. आधी सगळं जोडा, मग कमांड द्या. उबुंटूची कॉन्फिग फाइल उचलली असेल तर प्रमाणपत्राची फाइल सापडत नाही म्हणून बांधणी थांबते. ‘सिस्टिम ट्रस्टेड कीज’ आणि ‘सिस्टिम रिव्होकेशन कीज’ या ओळी रिकाम्या करायच्या.

“बिघडला तर मशीन गेलं” हे खोटं. जुना कर्नल ग्रबच्या यादीत राहतो, तो निवडा. रूट फाइलसिस्टिम माउंट होत नाही म्हणून पॅनिक आला, तर बहुधा डिस्कचा ड्रायव्हर राहून गेलेला असतो किंवा इनिटरॅमएफएस बनलेलं नसतं.

“लिनक्स कशावरही चालतं” हेही अर्धवट. ३८६ प्रोसेसरचा आधार फेब्रुवारी २०१३च्या ३.८ आवृत्तीत निघाला, इटॅनियमचा जानेवारी २०२४च्या ६.७मध्ये. उलट आरएचईएल १० जुन्या झिऑनवर चढत नाही, तेव्हा दोष कर्नलचा नसतो. ती त्या डिस्ट्रोची अट आहे.

“कर्नल जितका नवा तितका बरा”: जुन्या क्वाड्रो कार्डाला विचारा. एनव्हिडियाचा ३४० मालिकेचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर जसाच्या तसा बांधला जात नाही, नूवोवर भागवावं लागतं.

आणि “लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून” हे आपल्याकडे हमखास ऐकू येतं. तसं नाही. ‘मेक’ झालेल्या फायली ओळखून उरलेल्याच बांधतं. कधी लाइट जाण्याच्या सुमारास लिहिलेली एखादी ‘डॉट ओ’ फाइल अर्धवट राहते आणि लिंकर ती कापली गेल्याची तक्रार करतो. तेवढी फाइल उडवून पुन्हा ‘मेक’ द्यायचं. मे महिन्यात मात्र हे काम रात्री लावा. पारा ४४-४५वर असताना सगळे कोअर तासन्‌तास पूर्ण जोरात चालवायचे, तर आधी पंख्यातली धूळ काढा आणि प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदला.