फायबरच्या होडीचा डेक : दुखणे आणि उपचार

वैशाख सरत आला की कोकण किनाऱ्यावरील कोळीवाड्यांतून एक दृश्य हमखास दिसते. समुद्रातून ओढून घेतलेल्या होड्या माडांच्या सावलीत विसावतात आणि पावसाळ्यासाठी त्यांना झावळ्यांनी शाकारण्याची लगबग सुरू होते. पूर्वी या होड्या लाकडाच्या असत. आता त्यांत फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने आढळतात. पूर्व किनाऱ्यावरही असेच स्थित्यंतर झाले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतील मच्छीमारांना मदत म्हणून फायबरच्या असंख्य होड्या मिळाल्या आणि ओंडके एकत्र बांधून केलेले पारंपरिक ‘कट्टुमरम’ मागे पडत गेले.

फायबर कुजत नाही, त्याला कीड लागत नाही, हे खरेच आहे. मात्र या गुणावर विसंबून राहणारा मालक एक गोष्ट विसरतो. ज्यावर उभे राहून जाळे ओढायचे, तो डेक पुष्कळदा निव्वळ फायबरचा नसतो. वर एक आणि खाली एक असे फायबरचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये प्लायवूड, अशी त्याची रचना असते. याचे कारण साधे आहे. एखाद्या सपाट फळीची जाडी दुप्पट केली, तर तिचा ताठपणा आठपट होतो. मधले लाकूड दोन्ही थरांना एकमेकांपासून दूर धरून ठेवते आणि थोड्या वजनात मोठी बळकटी मिळवून देते. हेच लाकूड कुजले की थर सुटे होतात. डेक वरून चकचकीत दिसतो, परंतु पाय ठेवताच दबतो. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ म्हणतात, तो असा!

दुखणे नेमके कोठे?

दोर बांधण्याचा खुंटा, कठड्याचे पाय, मासळीच्या खणाच्या झाकणाची चौकट या साऱ्या वस्तू डेकवर स्क्रू किंवा बोल्टने बसवलेल्या असतात. प्रत्येक स्क्रू म्हणजे वरच्या थराला पाडलेले एक छिद्र होय. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी तेथील लांबी सुटते आणि पाणी थेंबाथेंबाने लाकडात उतरते. एकदा आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट नसते. ते आडवे पसरत जाते. त्यामुळे डेक जेथे दबतो, तेथेच पाणी शिरले असेल असे नाही. केवळ दबणाऱ्या जागी ठिगळ लावणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार ठरतो.

रोगाची व्याप्ती शोधण्यास महागडे उपकरण लागत नाही. रुपयाच्या नाण्याने अथवा लहान हातोडीने वीतभर अंतरावर टकटक करीत जावे. निरोगी जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द आवाजाची सीमा खडूने आखून घ्यावी आणि आत बारीक छिद्र पाडून पाहावे. ओला, काळपट भुसा बाहेर आला, तर शंकेला जागा उरत नाही.

उपचाराची रीत

आखलेल्या रेषेवर ग्राइंडरने केवळ वरचा थर कापून उचलावा. कुजलेले लाकूड पटाशीने काढताना हात आखडता घेऊ नये. कोरडे, घट्ट लाकूड लागेपर्यंत कोरत जावे. नंतर जागा गोड्या पाण्याने धुवावी, कारण मागे राहिलेले मीठ ओलावा ओढते. त्यापुढे छपराखाली ती पूर्ण सुकू द्यावी. येथे घाई केल्यास ओलावा नव्या थराखाली कोंडला जातो आणि सारे श्रम वाया जातात.

रिकाम्या जागी भारतीय मानक ७१० चे मरीन प्लायवूड बसवावे. त्याच्या कडांनाही रेझिन पाजावे आणि खाली पोकळी राहू नये म्हणून ते रेझिनच्या लांबीत दाबून बसवावे. सर्वांत महत्त्वाचा भाग यानंतरचा. जुन्या थराच्या कडेला त्याच्या जाडीच्या सुमारे बारापट रुंद उतार घासून काढावा लागतो. थर ४ मिलिमीटरचा असेल, तर उतार सुमारे ५ सेंटिमीटरचा. नवे फायबर या उतारावर चढते आणि ताण मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो. सरळ कापलेल्या कडेला नवा थर कितीही जाड चिकटवला, तरी सांधा तेथेच उलतो.

चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटला हाताने काम करताना त्याच्या दुप्पट किंवा थोडे अधिक रेझिन लागते. रोलर फिरवून प्रत्येक थरातील हवा काढावी. जुन्या पृष्ठभागाला इपॉक्सी अधिक घट्ट चिकटते, पॉलिस्टर स्वस्त पडते. इपॉक्सी वापरल्यास मॅट त्याला चालणारी आहे ना, याची दुकानात खात्री करून घ्यावी.

शेवटी स्क्रूच्या छिद्रांकडे वळावे. छिद्र मोठे करून ते इपॉक्सीने भरावे आणि ते कडक झाल्यावर त्यातच नवे छिद्र पाडावे. पुन्हा कधी पाणी झिरपले, तरी ते लाकडापर्यंत पोहोचणार नाही.

ऋतू आणि सावधगिरी

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीची बंदी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै, म्हणजे भर पावसात येते. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे कडक उन्हात. दमट हवा रेझिनला मानवत नाही. त्यामुळे कोकणातील मालकाने हे काम मे महिन्यातच आटोपावे. पूर्व किनाऱ्यावर मात्र उन्हाने रेझिन भांड्यातच आळू लागते. तेथे सकाळच्या वेळी थोडेथोडे कालवावे.

पॉलिस्टरचा हार्डनर डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. तो आणि कोबाल्ट ॲक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. चष्मा, हातमोजे, वाफांसाठी योग्य मुखवटा आणि मोकळी हवा अनिवार्य समजावी. इंजिन बसवण्याची मागची फळी किंवा पाण्याखालील तडा यांना मात्र घरी हात न लावता जाणत्या कारागिराकडे सोपवावे.

पहाटेच्या अंधारात, हलत्या लाटेवर जाळे ओढणारा माणूस पायाखालच्या डेकवर सारा भार टाकतो. त्या क्षणी रंगाची झिलई त्याला सावरीत नाही. आतले कोरडे लाकूडच सावरते. कित्येक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अशा एका होडीत गुंतलेली असते. वर्षातून एकदा, होडी शाकारण्यापूर्वी, हातात एक नाणे घेऊन डेकचा आवाज ऐकावा. बद्द आवाजाचा ठिपका तळहाताएवढा असतानाच सापडला, तर काम दोन-चार दिवसांत उरकते. तो हातभर झाला, तर सारा हंगाम जातो.