चाकांवरच्या घराची बॅटरी

मोटारीच्या मागे जोडून नेता येईल असे घर तुम्ही पाहिले आहे का? अमेरिकेत अशी घरे पुष्कळ दिसतात. त्यांना ट्रेलर म्हणतात. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, दिवे असे सारे असते. अ‍ॅरिझोना राज्यात क्वार्टझसाइट नावाचे लहानसे गाव आहे. हिवाळ्यात त्याच्या भोवतालच्या वाळवंटात असे हजारो लोक मुक्कामाला येतात. तेथे उघड्या माळावर विजेचा खांब नसतो.

मग दिवे कशावर लागतात? 12 व्होल्टच्या बॅटरीवर. दिवसा छपरावरील सौर पट्ट्या ती चार्ज करतात आणि रात्री ती खर्च होते. वाळवंटातील हिवाळ्याची रात्र फार थंड असते. खोली गरम ठेवणारी भट्टी गॅसवर चालते. पण गरम हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो. पहाटे पंखा थांबला, की गॅस असूनही भट्टी बंद पडते. अशा वेळी काही जण खोलीतच शेगडी पेटवून झोपतात. हे फार धोक्याचे आहे. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही कळत नाही.

म्हणून वेळीच ओळखले पाहिजे, की बॅटरी रिकामी झाली आहे की निकामी?

आधी डोळ्यांनी पाहा. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट थर चढला आहे का? तारा सैल आहेत का? कित्येकदा दोष एवढाच असतो आणि लोक उगाच नवी बॅटरी विकत आणतात!

मग मीटर लावा. पण केव्हा? चार्ज होत असताना मीटर 13 किंवा 14 व्होल्टही दाखवील. तो आकडा फसवा असतो. सौर पट्टीची व दिव्यांची जोडणी काढून बॅटरीला काही तास विसावा द्या. शिसे व आम्ल असलेली बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर मीटर सुमारे 12.6 दाखवते. 12.1 च्या आसपास आले, की ती अर्धी रिकामी झाली असे समजावे. (आता पुष्कळ ट्रेलरांत लिथियमची बॅटरी असते. तिला हे आकडे लागू नाहीत.)

समजा, मीटरने 12.6 दाखवले. मग बॅटरी चांगलीच आहे ना? नाही. पाण्याच्या टाकीत निम्म्यापर्यंत गाळ साचला, तरी वरून टाकी काठोकाठ भरलेलीच दिसते. पाणी मात्र निम्मेच मिळते. बॅटरी वारंवार फार रिकामी केली, किंवा तशीच पडू दिली, तर आतील पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा कडक थर बसतो. तोच हा गाळ.

तो ओळखण्यासाठी बॅटरीला काम द्या. पंखा व दिवे चालू करून मीटर पाहत राहा. चांगल्या बॅटरीचा आकडा थोडा उतरून टिकतो. निकामी बॅटरीचा आकडा काही मिनिटांतच 11 कडे घसरतो.

आता थोडे गणित करू. पंखा 7 अँपिअर घेतो आणि रात्रीच्या 10 तासांत निम्मा वेळ चालतो, असे धरा. 7 गुणिले 5, म्हणजे 35 अँपिअर-तास. 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीतून साधारण निम्मेच वापरावेत. तेव्हा रात्र निभावली पाहिजे. ती निभावत नसेल, तर बॅटरीवर संशय घ्या.

बॅटरीला झाकणे असतील, तर हायड्रोमीटरने सहाही घटांतील आम्लाची घनता पाहता येते. भरलेल्या घटात ती सुमारे 1.26 ते 1.28 असते. पाच घट सारखे आणि एकच 0.05 ने खाली असेल, तर तो घट बिघडला आहे. आपल्याकडील इन्व्हर्टरच्या बॅटरीचीही हीच तपासणी करतात. मात्र हे काम मोठ्या माणसांनी चष्मा व हातमोजे घालूनच करावे. जवळ काडी पेटवू नये, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. पाणी कमी असेल, तर फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे, नळाचे नव्हे.