विश्लेषण : लष्कर, नौदल की हवाई दल... जोखीम कुठे, कशी आणि कुणाला?

अग्निपथ योजनेमुळे तिन्ही सैन्यदलांतील शिपाई, नौसैनिक आणि एअरमन यांची भरती एकाच चौकटीत आली. मुदत सारखी, वेतन सारखे आणि विमाही सारखा. साहजिकच ‘कोणते दल निवडावे’ हा प्रश्न बारावीच्या उंबरठ्यावरील मुलांना आणि त्यांच्या पालकांना पडतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘लष्करात धोका जास्त, हवाई दलात कमी’ अशा ढोबळ समजावर दिले जाते. प्रत्यक्षात तिन्ही दलांतील जोखीम कमी-अधिक असण्यापेक्षा वेगळ्या प्रकारची आहे, आणि ती दलातील कोणाच्या वाट्याला येते, हेही वेगळे आहे.

एकाच युद्धात तिन्ही दलांचा अनुभव किती वेगळा असतो?

१९९९ चे कारगिल युद्ध हे याचे उत्तम उदाहरण. या युद्धात ५२७ सैनिक हुतात्मा झाले. त्यातील बहुसंख्य पायदळाचे होते. १५ ते १८ हजार फूट उंचीवरील शिखरे उभ्या चढणीवरून, वरून होणाऱ्या माऱ्याला तोंड देत परत घ्यायची असल्याने ते अटळ होते. हवाई दलाने ‘ऑपरेशन सफेद सागर’ सुरू केले आणि २७ व २८ मे या दोन दिवसांत दोन लढाऊ विमाने व एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गमावले. त्यात पाच जणांचा मृत्यू झाला, तर एक वैमानिक पाकिस्तानच्या हाती सापडला. नौदलाने ‘ऑपरेशन तलवार’अंतर्गत अरबी समुद्रात युद्धनौका तैनात करून पाकिस्तानवर दबाव ठेवला, पण प्रत्यक्ष लढण्याची वेळ आली नाही.

यावरून नौदल सर्वात सुरक्षित, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १९७१ च्या युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘आयएनएस खुकरी’वर पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने टॉर्पेडो डागला. काही मिनिटांत नौका बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली. नौकेचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला हेही नौकेसोबत गेले. पायदळाची हानी दिवसागणिक, चौकीगणिक होते. नौदलात अनेक वर्षे काहीही होत नाही आणि एका रात्रीत होत्याचे नव्हते होते.

लष्करात शत्रूपेक्षा निसर्ग धोकादायक का?

लष्कराचे संख्याबळ साधारण १२ लाख, तर हवाई दलाचे सुमारे १ लाख ४० हजार आणि नौदलाचे ७० हजारांच्या आसपास आहे. त्यामुळे हानीचा एकूण आकडा लष्करात मोठा दिसणारच. पण लष्करातील जोखमीचे वैशिष्ट्य म्हणजे ती गोळीबारापुरती मर्यादित नाही.

सियाचिन हिमनदीवर एप्रिल १९८४ पासून भारतीय सैनिक तैनात आहेत. २००३ च्या शस्त्रसंधीनंतर तिथल्या तोफा जवळपास शांत झाल्या, पण मृत्यू थांबले नाहीत. हिमस्खलन, बर्फातील भेगा, विरळ हवेमुळे फुप्फुसांत किंवा मेंदूत होणारी सूज, हिमदंश यांनी तिथे शत्रूच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी अधिक बळी घेतले आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवर कोसळलेल्या हिमकड्याखाली मद्रास रेजिमेंटचे दहा जण गाडले गेले. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, मात्र दिल्लीतील रुग्णालयात त्यांचाही मृत्यू झाला.

दुसरा धोका आहे तो प्रदीर्घ तैनातीचा. नियंत्रण रेषेवरील चौकी असो वा काश्मीरमधील राष्ट्रीय रायफल्सची तुकडी, तिथे रोजची गस्त हीच मोहीम असते. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैनिकांशी झालेल्या संघर्षात एकही गोळी न झाडता २० भारतीय सैनिकांनी प्राण गमावले.

अर्थात लष्करातील प्रत्येक जण पायदळात नसतो. तोफखाना, सिग्नल, अभियंते, पुरवठा, वैद्यकीय, ईएमई अशा विभागांतील धोक्याची पातळी वेगवेगळी असते. पण यातील बहुतेक विभागांच्या तुकड्या पायदळाच्या पाठोपाठ सीमेवर जातात. तिथे चालक आणि स्वयंपाकीही त्याच हिमस्खलनाच्या आणि त्याच तोफांच्या टप्प्यात असतात.

नौदलात शांततेच्या काळात कोणते धोके?

युद्धनौका म्हणजे इंधन, दारूगोळा, उच्च दाबाची यंत्रे आणि शेकडो माणसे एकाच पोलादी कवचात. त्यामुळे आग आणि स्फोट हे नौदलाचे कायमचे शत्रू. गेल्या काही वर्षांतील गंभीर दुर्घटना भर समुद्रात, शत्रूसमोर नव्हे, तर मुंबईत किंवा मुंबईच्या जवळ घडल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस सिंधुरक्षक’ या पाणबुडीत स्फोट होऊन १८ जणांचा मृत्यू झाला. सहाच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘सिंधुरत्न’मध्ये धूर कोंडून दोन अधिकारी दगावले. त्याची जबाबदारी स्वीकारून नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी राजीनामा दिला. जानेवारी २०२२ मध्ये ‘आयएनएस रणवीर’वरील स्फोटात तीन नौसैनिक मृत्युमुखी पडले, तर जुलै २०२४ मध्ये ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ला दुरुस्तीदरम्यान लागलेल्या आगीनंतर एका नौसैनिकाचा मृत्यू झाला.

नौदलातील जोखमीची आणखी एक बाजू आहे. इथे अधिकारी आणि नौसैनिक एकाच नौकेवर असतात. इंजिन कक्षातील तंत्रज्ञ आणि नौकेचा कप्तान यांचे नशीब एकमेकांना बांधलेले असते. पाणबुडीत तर हे अधिकच खरे. माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गातील पाणबुडीवर जेमतेम ४०-४५ जण असतात. ऊन नाही, गोडे पाणी मोजून, झोपायला अरुंद जागा आणि मोहिमेच्या काळात घरच्यांशी संपर्क जवळपास नाही. पाणबुडीवर जाणे म्हणूनच ऐच्छिक असते आणि त्यासाठी वेगळी वैद्यकीय व मानसिक चाचणी होते.

हवाई दल खरेच सुरक्षित आहे का?

हवाई दलाचे चित्र उलटे आहे. इथे प्रत्यक्ष लढणारे थोडे आणि त्यांना लढण्यासाठी सज्ज ठेवणारे खूप. लढाऊ विमानांचे वैमानिक अधिकारी असतात. विमानांची देखभाल, रडार, शस्त्रसाठा, दळणवळण, भांडार ही कामे प्रामुख्याने एअरमन करतात. त्यामुळे लष्करात सर्वाधिक धोका पायदळाच्या शिपायाला, तर हवाई दलात तो वैमानिक अधिकाऱ्याला असतो.

हा धोका युद्धापेक्षा सरावात अधिक दिसतो. देशाने खरेदी केलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत नष्ट झाली आणि त्यात १७१ वैमानिक, ३९ नागरिक व इतर सेवांतील आठ जणांचा मृत्यू झाला, अशी माहिती तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत दिली होती. १९६३ पासून सेवेत असलेले मिग-२१ अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. वाहतूक विमानांतून प्रवास करणाऱ्यांनाही धोका चुकत नाही. जुलै २०१६ मध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेले एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरात बेपत्ता झाले. त्याचे अवशेष समुद्रतळाशी सापडायला २०२४ उजाडले.

तळावर काम करणाराही पूर्ण सुरक्षित नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटचा हवाई तळच दहशतवाद्यांचे लक्ष्य ठरला. मे २०२५ मधील संघर्षात उधमपूरच्या तळावर हवाई दलाच्या वैद्यकीय सहायकाला प्राण गमवावे लागले. दलांमधील सीमारेषाही आता पुसट होत आहेत. नौदलाच्या मार्कोस आणि हवाई दलाच्या गरुड कमांडोंना काश्मीरमध्ये दहशतवादविरोधी कारवायांत उतरवले जाते. ऑक्टोबर २०१७ मध्ये बांदीपोरा जिल्ह्यातील हाजिन येथे दोन गरुड कमांडो हुतात्मा झाले. त्यातील एक महाराष्ट्राचा होता. ड्रोन आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या काळात ‘आघाडी’ आणि ‘पिछाडी’ हा भेद आणखी कमी होणार आहे.

कुटुंबासोबत राहण्याची संधी कुणाला अधिक?

लष्करात ‘फील्ड’ आणि ‘पीस’ अशा आलटून-पालटून नेमणुका असतात. फील्डमध्ये कुटुंब नेता येत नाही आणि पीसमध्येही सरकारी घरासाठी अनेकदा प्रतीक्षा करावी लागते. नौदलात मुंबई, विशाखापट्टणम, कोची, कारवार अशा मोजक्या तळांवर घर मिळते, पण नौका मोहिमेवर गेली की घरचा माणूस आठवडे, महिने बाहेर. हवाई दलात पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांलगतचे तळ, वसाहत, शाळा यांमुळे कुटुंबजीवन तुलनेने स्थिर असते.

मात्र स्थिर जीवन म्हणजे ताण कमी, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. २०२२ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ जणांनी आत्महत्या केली. त्यात लष्करातील ६४२, हवाई दलातील १४८ आणि नौदलातील २९ जण होते. लष्कराचे संख्याबळ हवाई दलाच्या आठ ते नऊ पट असताना आत्महत्यांचा आकडा मात्र सव्वाचार पटींच्या आसपास आहे. म्हणजे संख्याबळाच्या प्रमाणात पाहिल्यास ही समस्या हवाई दलात लष्करापेक्षा गंभीर दिसते.

जोखमीचा मोबदला सारखा असतो का?

मूळ वेतन आणि लष्करी सेवा वेतन समान पदासाठी तिन्ही दलांत सारखेच आहे. लष्करी सेवा वेतन अधिकाऱ्यांना दरमहा १५,५०० आणि जवानांना ५,२०० रुपये मिळते. फरक पडतो तो भत्त्यांत. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये जोखीम आणि खडतरपणा यांच्या आधारे भत्त्यांची श्रेणी ठरवण्यात आली. त्यात सर्वात वरचे स्थान सियाचिनला मिळाले. तेथील भत्ता तेव्हा अधिकाऱ्यांसाठी ४२,५०० आणि जवानांसाठी ३०,००० रुपये ठरला. विमानोड्डाण आणि मार्कोस भत्ते १७,३०० ते २५,००० रुपये या त्याखालच्या श्रेणीत आले.

सेवेतील मृत्यूनंतर केंद्र सरकारकडून मिळणाऱ्या सानुग्रह रकमेतही दल पाहिले जात नाही, मृत्यूचे कारण पाहिले जाते. नियमित सैनिकांसाठी कर्तव्यावरील अपघातात २५ लाख, सीमेवरील चकमकीत ३५ लाख आणि युद्धात ४५ लाख रुपये असे त्याचे टप्पे आहेत. अतिउंचीवरील चौकीत प्रतिकूल हवामानामुळे झालेला मृत्यूही ३५ लाखांच्याच टप्प्यात येतो. निसर्गाशी झुंजणे हे शत्रूशी झुंजण्याइतकेच जोखमीचे आहे, हे त्यातून सरकारने मान्य केले आहे.

अग्निवीरांच्या बाबतीत काय वेगळे आहे?

अग्निवीराला ४८ लाखांचा विमा असतो. कर्तव्यावर मृत्यू झाल्यास ४४ लाख रुपये सानुग्रह, उर्वरित सेवाकाळाचे वेतन आणि सेवानिधी कुटुंबाला मिळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका अग्निवीराचा सियाचिनमध्ये मृत्यू झाल्यानंतर लष्कराने हा तपशील जाहीर केला होता. एकरकमी मदत मोठी असली तरी नियमित सैनिकाच्या कुटुंबाला आयुष्यभर मिळणारे निवृत्तिवेतन अग्निवीराच्या कुटुंबाला मिळत नाही. सियाचिनच्या एकाच चौकीवर शेजारी उभ्या असलेल्या दोघांची जोखीम एक, पण त्यांच्यामागचे संरक्षण वेगळे, हा या योजनेवरील प्रमुख आक्षेप आहे.

मग निवड नेमकी कशाने ठरते?

बऱ्याचदा ती इच्छेने नव्हे, शिक्षणाने ठरते. लष्करातील जनरल ड्युटीसाठी दहावी उत्तीर्ण पुरेसे असते. नौदलाच्या ‘एसएसआर’ प्रवेशासाठी बारावीला गणित व भौतिकशास्त्र लागते. हवाई दलाच्या विज्ञान गटासाठी त्यात इंग्रजीचीही भर पडते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आणि हवाई दलाची एअरमन प्रशिक्षण संस्था दोन्ही बेळगावातच आहेत. तिथे दाखल होणाऱ्या दोन तरुणांपैकी कोण पायदळात जाणार आणि कोण विमानाच्या हँगरमध्ये, याचा निर्णय बहुतेक वेळा अकरावीत घेतलेल्या विषयांनी झालेला असतो. मुलींसाठी तर पर्याय आणखी मर्यादित आहेत. नौदल आणि हवाई दलात त्या अग्निवीर होऊ शकतात, लष्करात मात्र केवळ लष्करी पोलीस दलात.

सेवेनंतरचे आयुष्यही यातूनच आकाराला येते. विमान देखभाल, सागरी अभियांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स यांचा अनुभव नागरी विमान वाहतूक, जहाज उद्योग किंवा कारखान्यांत थेट उपयोगी पडतो. पायदळातील कौशल्याला बाहेर फारशी बाजारपेठ नाही. त्यामुळे अनेक माजी सैनिक सुरक्षारक्षकाच्या नोकरीत दिसतात. अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या प्रारंभी प्रशिक्षणाला दाखल झाली. तिची चार वर्षे २०२६ संपता-संपता पूर्ण होतात. योजनेनुसार त्यातील २५ टक्क्यांपर्यंतच कायम होतील. भरतीची तयारी करणाऱ्या मुलाने आणि पालकांनी म्हणूनच ‘कुठे धोका कमी’ याबरोबरच पदरात कोणते कौशल्य पडेल, कायम न झाल्यास पुढे काय आणि काही बरेवाईट झाल्यास घराला काय मिळेल, हे तीन प्रश्न अर्ज भरण्यापूर्वीच विचारायला हवेत.