उरलेला दोरा फुकट, मजुरी फुकट नव्हे

आमच्या चोपड्यात लोकरीचा धंदा थंडीच्या चार महिन्यांचा. सातपुड्याकडून गार वारा सुटला की स्वेटर, कानटोपी आणि बाळंतविड्यासाठी गिऱ्हाईक येते. होळी आली की फळीवर उरतात ते अर्धे गोळे, सुटलेल्या लडी आणि लॉट न जुळणारा माल. एकाच कंपनीचा एकच लाल रंग, पण लॉट नंबर वेगळा असला तर छटेत फरक पडतो आणि गिऱ्हाईक गोळा परत ठेवते. असा माल पोत्यात जातो. त्यात गुंतलेले भांडवलही पोत्यातच राहते.

या मालाला वाट काढण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे क्रोशाचे उशीचे अभ्रे. लग्नसराईत आणि ईदच्या आधी दिवाणखान्यासाठी अशा रंगीत अभ्र्यांना मागणी असते. व्यापारी बंधूंनी हे काम जरूर करावे. मात्र आधी हिशेब नीट मांडावा. आम्ही तो चुकीचा मांडला होता, म्हणूनच हे लिहीत आहोत.

काम कसे करावे

प्रथम दोरा निवडून घ्यावा. जाडी सारखी हवी. सुती दोरा आणि ॲक्रिलिक लोकर एकाच अभ्र्यात घालू नये. सूत धुतल्यावर आटते, ॲक्रिलिक फारसे आटत नाही, मग चौकोन वाकडे होतात. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरली तर विण कायमची बसते. गडद रंग ओल्या पांढऱ्या कापडावर घासून पाहावा. रंग सुटला तर तो गोळा बाजूला काढावा. मागावरचे सूत वापरायचे असेल तर ते बारीक असते, म्हणून अनेक पदर एकत्र घेऊन विणावे लागते.

सोळा इंची उशीला चार इंचाचे सोळा चौकोन लागतात. मध्यभागी साखळीचे कडे, त्यात खांबांचे गट, आणि चार कोपऱ्यांत साखळ्या, ही रीत आपल्या घराघरांतल्या बायकांना येते. आतल्या दोन फेऱ्यांना कोणतेही उरलेले रंग चालतील. शेवटची फेरी मात्र सगळ्या चौकोनांना एकाच रंगाची ठेवावी. तेवढ्याने उरलेला माल ठरवून आणल्यासारखा दिसतो. अभ्रा उशीपेक्षा अर्धा इंच कमी ठेवावा, म्हणजे ताणून घट्ट बसतो. मागची बाजू कटपिसाच्या कापडाची करावी आणि तिला चेन लावावी. दोरा निम्मा लागतो आणि दुकानातले तुकडेही खपतात.

आमची चूक

2003 साली ईदच्या हंगामासाठी आम्ही शंभर अभ्र्यांचे काम मोहल्ल्यातल्या बायकांना दिले. दोरा पोत्यातला, म्हणजे आमच्या लेखी फुकट. बायका घरीच बसून विणणार, म्हणजे त्यांचा वेळही फुकट. असे समजून नगामागे 12 रुपये ठरवले. जेमतेम चाळीस नग आले. बाकीचा दोरा घेऊन एक वयस्कर खाला दुकानात आल्या आणि म्हणाल्या, ‘‘बेटा, एका अभ्र्यात शंभर टोके लपवली. त्याचे पैसे कुठे धरलेस?’’

आम्ही मोजून पाहिले. एका चौकोनात तीन रंग, प्रत्येक रंगाची सुरुवातीची आणि शेवटची अशी दोन टोके. चौकोनाला सहा, तर सोळा चौकोनांना शहाण्णव. प्रत्येक टोक सुईने विणीत ओवून लपवावे लागते, नाहीतर पहिल्या धुलाईत उसवते. नवा सलग गोळा दिला असता तर हे काम बरेच कमी झाले असते. दोऱ्यात आम्ही जे वाचवले, ते खालांच्या डोळ्यांवर आणि बोटांवर चढले होते.

आता खरा हिशेब पाहा. एका चौकोनाला वीस मिनिटे धरली तर सोळा चौकोनांना सुमारे सव्वापाच तास. जोडणी, टोके आणि मागचे कापड मिळून आणखी पावणेतीन. एकूण आठ तास, म्हणजे पुऱ्या दिवसाची मजुरी. समजा तासाला 40 रुपये दिले, तर मजुरी 320. दोरा, कापड आणि चेनचे 70 धरले तर नग 390 रुपयांना पडतो. तोच नग 200 ला विकला आणि दुकानदाराने एक पैसाही नफा घेतला नाही, तरी विणणारीच्या हाती तासाला जेमतेम सोळा रुपयेच पडतील.

नरसापूरचा धडा

ही गोष्ट चोपड्यापुरती नाही. आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली, आणि तिथला माल परदेशात जाऊ लागला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या कारागीर स्त्रियांवर पुस्तक लिहिले, ते 1982 साली प्रसिद्ध झाले. त्यातले सार असे : या स्त्रियांना मजूर न समजता ‘रिकाम्या वेळात विणणाऱ्या गृहिणी’ समजले गेले, म्हणून मजुरी अगदी तुटपुंजी राहिली आणि नफा व्यापारी-निर्यातदारांकडे गेला. 2024 साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. मालाला नाव मिळाले ही चांगली गोष्ट आहे. हाताला दाम मिळणे हा वेगळा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खरा क्रोशा कारखान्याच्या यंत्रावर निघत नाही. यंत्रावर निघते ती त्याच्यासारखी दिसणारी जाळी. म्हणून बाजारात खरा क्रोशाचा नग फार स्वस्त दिसला, तर कुणाच्या तरी हाताचे पैसे कापले गेले आहेत असे समजावे.

आज आम्ही काय करतो

मजुरी नगावर न ठरवता आधी एक नमुना घड्याळ लावून विणवून घेतो आणि तासावरून दर काढतो. टोके लपवण्याचे पैसे वेगळे धरतो. माल पोहोचला त्याच दिवशी रोख देतो. आमचे नग शहरातल्या यंत्राच्या मालापेक्षा महाग आहेत आणि कमी विकले जातात, हे कबूल. पण गिऱ्हाईकाला शहाण्णव टोकांचा हिशेब सांगितला की बरेच जण घासाघीस थांबवतात, आणि दिलेले काम अर्धवट परत येत नाही.

ज्यांच्या दुकानात दोऱ्याचे पोते पडून आहे, त्यांनी ते जरूर उघडावे. पण दोऱ्याचे वजन करताना दुसऱ्या पारड्यात मेहनतीचे तासही टाकावेत.